हृदयाची लय बिघडलेल्या पेशंटची शुश्रूषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीसीयू (हृदयरुग्णांचा अतिदक्षता विभाग), मेडिकल वॉर्ड आणि तालुक्याच्या ठिकाणची ग्रामीण रुग्णालयं इथे काम करणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. शेवटी पेशंट आणि नातेवाईक विचारतात ते प्रश्न आहेत. औषधांचे डोस प्रौढ पेशंटसाठीचे आहेत. डॉक्टरांची लेखी ऑर्डर आणि तुमच्या रुग्णालयाने ठरवून दिलेली पद्धत हीच प्रमाण धरा.

मॉनिटरचा अलार्म वाजला. सगळ्यात आधी काय करायचं?

पेशंटजवळ जा. नर्सिंग स्टेशनवरून स्क्रीनकडे बघत निर्णय घेऊ नका. त्याला नावाने हाक मारा, मनगटावर बोटं ठेवा, कपाळावर घाम आहे का बघा, हातपाय गार पडलेत का बघा. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

स्क्रीनवर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनसारखी (हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात ती जीवघेणी लय) वेडीवाकडी रेघ दिसतेय आणि पेशंट शेजारच्या कॉटवाल्याशी गप्पा मारतोय, तर लीड (पेशंटला लावलेली तार) सुटली आहे. दात घासताना, थंडी वाजून कुडकुडताना किंवा हाताला कंप असेल तर रेघ हुबेहूब व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियासारखी (खालच्या कप्प्यांतून उठणारे अतिवेगवान ठोके) दिसते. याच्या उलटही घडतं आणि ते जास्त धोक्याचं. स्क्रीनवर सुरेख ठोके चाललेले असतात, पण पेशंटला नाडीच नसते. विजेचा संदेश जातो आहे, पण हृदय रक्त ढकलत नाही. अशा वेळी मॉनिटरवर विश्वास ठेवून थांबलात तर सीपीआरची (छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याची) मिनिटं वाया जातात.

डॉक्टर फोनवर विचारतात, "पेशंट स्टेबल आहे का?" नेमकं काय सांगायचं?

"ठीक वाटतोय" हे उत्तर कुणाच्याच कामाचं नाही. पाच गोष्टी सांगा: वरचं बीपी ९०च्या खाली गेलंय का, शुद्धीत फरक पडलाय किंवा पेशंट गोंधळलाय का, छातीत दुखतंय का, धाप लागून फुफ्फुसात पाणी झाल्यासारखे आवाज येतायत का, आणि अंग गार-ओलं होऊन लघवी कमी झालीय का. यातलं एकही नव्यानं दिसलं तर पेशंट अस्थिर समजा, आणि फोन करता करताच डिफिब्रिलेटर (विजेचा शॉक देणारं यंत्र) कॉटपाशी आणायला सांगा.

ठोक्यांचा आकडाही सांगा. मिनिटाला १५०च्या वर असतील तर बहुधा लयच मूळ दोषी असते. ११०-१२० असतील तर ताप, रक्तस्राव, कोरडेपणा, वेदना, तुंबलेली लघवी यांपैकी काही आहे का ते शोधा. ऑपरेशन झालेल्या पेशंटची नाडी १२० असेल तर आधी ड्रेसिंग आणि ड्रेन बघा. पोटात रक्तस्राव होत असताना ठोके कमी करणारं इंजेक्शन दिलं तर पेशंट बुडतो.

ईसीजीची पट्टी वाचायची भीती वाटते. कुठून सुरुवात करू?

कागदापासून. नेहमीचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असतो, म्हणजे लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि मोठा ०.२० सेकंदाचा. लय नियमित असेल तर दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजा आणि ३००ला त्या संख्येने भागा. चार चौकोन असतील तर ७५. अनियमित असेल तर ही रीत चालत नाही. तीस मोठे चौकोन म्हणजे सहा सेकंद, त्यातली टोकं मोजून दहाने गुणा.

मग विचारत जा: ठोके सारख्या अंतरावर आहेत का? प्रत्येक क्यूआरएसच्या (खालच्या कप्प्यांच्या उंच टोकाच्या) आधी पी लहर (वरच्या कप्प्यांची लहान लहर) आहे का? पीआर अंतर (पी लहरीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंतचं) ०.१२ ते ०.२० सेकंदांत बसतं का? क्यूआरएस ०.१२पेक्षा अरुंद आहे का? लयीचं नाव पहिल्या दिवशी सांगता आलं नाही तरी चालेल. "क्यूआरएस रुंद, नियमित, १८० ठोके, पी दिसत नाही, बीपी ८४" एवढं अचूक सांगणारी सिस्टर चुकीचं नाव ठामपणे सांगणाऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगाची. पेशंट स्थिर असेल तर औषध सुरू करण्याआधी बारा लीडचा ईसीजी काढून घ्या. लय सुटल्यावर तो पुरावा परत मिळत नाही. पट्टीवर वेळ आणि त्या वेळी पेशंटला काय होत होतं, दोन्ही लिहा.

लीडच्या तारांचे रंग प्रत्येक मशीनवर वेगळे का?

कारण दोन पद्धती चालू आहेत आणि आपल्याकडे दोन्ही प्रकारची मशीन येतात. एकीत उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा. दुसऱ्या, अमेरिकी पद्धतीत उजवा हात पांढरा, डावा काळा, डावा पाय लाल, उजवा पाय हिरवा. एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात बदली झाली की इथे गफलत होते. रंग पाठ करू नका, तारेवरची अक्षरं वाचा.

अलार्म सारखे खोटे वाजतात. बंद करून ठेवले तर?

बंद करू नका, खोटे वाजणार नाहीत असं बघा. बहुतेक खोट्या अलार्मचं कारण सुकलेला इलेक्ट्रोड असतं. घाम आणि तेल पुसा, केस कात्रीने किंवा क्लिपरने कमी करा, त्वचा पूर्ण कोरडी करा, मग इलेक्ट्रोड लावा आणि रोज बदला. डिफिब्रिलेटरच्या पॅडची जागा मोकळी राहू द्या. अलार्मच्या मर्यादा पेशंटप्रमाणे ठरवा. ज्याचे ठोके एरवीच ५४ असतात त्याला ६०ची खालची मर्यादा ठेवली तर रात्रभर कटकट होते, आणि चौथ्या वेळी कुणी उठत नाही. बदललेल्या मर्यादा हँडओव्हरमध्ये तोंडी सांगा आणि लिहाही.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये नाडी पूर्ण मिनिट का मोजायची?

या लयीत हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि ठोक्यांना कसलाच मेळ नसतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा वीस-पंचवीसने चुकू शकतो. शिवाय काही ठोके इतके दुबळे असतात की ते मनगटापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून एकीने स्टेथोस्कोप छातीवर ठेवून आणि दुसरीने मनगटावर, एकाच घड्याळावर एक मिनिट मोजायचं. छातीवर ११८ आणि मनगटावर ९२ असेल तर दोन्ही आकडे आणि २६चा फरक लिहायचा. औषध लागू पडतंय का, ते या फरकावरून कळतं. बीपीचं स्वयंचलित यंत्र या लयीत गडबडतं, तेव्हा हाताने दोन-तीनदा मोजा.

दुसरी जबाबदारी पक्षाघातावर नजर ठेवण्याची. या लयीत मेंदूत गुठळी जाण्याचा धोका साधारण पाच पटींनी वाढतो. तोंड वाकडं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं यातलं काही दिसलं तर पेशंट शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लगेच लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते तास तिथून मोजले जातात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा शेवटचा डोस कधी घेतला हेही लागलीच विचारून ठेवा.

नवीन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असताना आमच्या पेशंटना अजून जुन्याच का?

आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आकुंचन पावलेले पेशंट अजून मोठ्या संख्येने आहेत, त्यात तरुण बायका पुष्कळ. अशा पेशंटवर झालेल्या इन्व्हिक्टस नावाच्या मोठ्या अभ्यासात, जो २०२२ साली प्रसिद्ध झाला, जुन्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांचे परिणाम रिव्हारोक्साबॅन ही नवीन गोळी घेणाऱ्यांपेक्षा चांगले आले. धातूची झडप बसवलेल्यांनाही नवीन गोळ्या चालत नाहीत. म्हणून त्यांना वॉरफेरिन किंवा एसिनोकुमॅरॉल या जुन्या गोळ्याच. झडप आकुंचन पावलेल्या पेशंटचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीचा आकडा) साधारण २ ते ३मध्ये ठेवतात, धातूच्या झडपेला बहुधा त्याहून थोडा वर.

इथे आपलं काम गोळी देऊन संपत नाही. पालक-मेथी बंद करायला सांगू नका, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायला सांगा. गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी. दुखण्यावरची गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही. स्नायूत इंजेक्शन शक्यतो टाळा. मुलं होण्याच्या वयातल्या पेशंटला दिवस राहिल्याची नुसती शंका आली तरी लगेच यायला सांगा, कारण वॉरफेरिन गर्भाला बाधतं. हे बाईला एकटीला, शांतपणे सांगा. सासू आणि नवरा समोर असताना ती मान डोलावते आणि विचारायचं ते विचारत नाही.

डिगॉक्सिनची गोळी कधी थांबवायची?

डिगॉक्सिन हे ठोके मंद करणारं औषध. छातीवर पूर्ण मिनिट ठोके मोजून ६०च्या खाली असतील तर गोळी हातात ठेवून डॉक्टरांना कळवा. ठोके ठीक असूनही विषबाधा असू शकते. जेवण नकोसं होणं, मळमळ, सगळं पिवळसर दिसणं, म्हाताऱ्या माणसाचं अचानक बरळणं ही तिची चिन्हं. "आजोबा दोन दिवस जेवत नाहीत" हे नातेवाइकांचं वाक्य डिगॉक्सिनच्या पेशंटच्या बाबतीत गंभीरपणे घ्या.

पोटॅशियम कमी झालं की हे औषध नेहमीच्या डोसलाही विषारी ठरतं. लघवी वाढवणाऱ्या गोळीने, जुलाबाने, उलट्यांनी ते कमी होतंच, पण ज्येष्ठमधानेही होतं. खोकल्यासाठी महिनाभर ज्येष्ठमधाचा काढा चालू असतो आणि पेशंट ते औषधात धरतच नाही. "काढा, चूर्ण, मात्रा काही चालू आहे का?" असं थेट विचारा. घरचं औषध घेतलं म्हणून रागावलात तर पुढच्या खेपेला तो लपवेल.

पोटॅशियम क्लोराइड देताना एवढी काळजी कशासाठी?

ते थेट शिरेत ढकललं तर हृदय जागच्या जागी थांबतं. आपल्याकडची १० मिलीची नेहमीची अँप्यूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. ती नेहमी सलाईनमध्ये मिसळून, बाटली चांगली उलटीपालटी करून, पंपावर लावा. हातातल्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नको. अँप्यूल आधीच टांगलेल्या बाटलीत घालू नका, कारण औषध तळाशी साचतं आणि पहिल्याच थेंबांत जातं. अँप्यूल बाकीच्या इंजेक्शनांपासून वेगळ्या कप्प्यात ठेवा. लय बिघडलेल्या पेशंटचं पोटॅशियम बहुधा ४च्या वर आणि मॅग्नेशियम २च्या वर ठेवतात, आणि मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही.

डायलिसिस चुकलेला पेशंट अशक्त होऊन आला, ठोके मंद आणि टी लहरी (क्यूआरएसनंतरच्या लहरी) उंच-टोकदार असतील तर उलट विचार करा. पोटॅशियम वाढलं आहे. रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टरांना ईसीजी दाखवा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ठेवा.

अडेनोसिन देताना नर्सची तयारी काय असावी?

अतिवेगवान लय तोडायला दिलेलं अडेनोसिन रक्तात दहा सेकंदही टिकत नाही, त्यामुळे सगळा खेळ वेगाचा आहे. कोपराच्या खोबणीतली मोठी शीर, जाड कॅन्युला, एका पोर्टला औषध आणि दुसऱ्याला २० मिली सलाईन. ६ मिलिग्रॅम झटक्यात, लगोलग सलाईन, हात वर. लागलं तर नंतर १२. ईसीजीचा कागद चालू ठेवा, डिफिब्रिलेटर शेजारी हवा. दम्याच्या पेशंटबद्दल डॉक्टरांना आधी आठवण करा.

आणि पेशंटला आधी सांगा. छातीवर दडपण येईल, चेहरा तापेल, आता आपण जातो असं वाटेल, पण काही सेकंदांत सगळं ओसरेल. न सांगता दिलेलं अडेनोसिन माणूस आयुष्यभर विसरत नाही. हात धरून उभं राहणं हा या प्रक्रियेचाच भाग आहे.

त्याआधी डॉक्टर कुंथायला सांगतात, तिथेही रीत महत्त्वाची. अर्धवट बसवून १० मिलीच्या सिरिंजमध्ये पिस्टन हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला सांगायचं, मग लगेच आडवं करून दोन्ही पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरायचे. इंग्लंडमध्ये झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने ४३ टक्के पेशंटची लय सुटली, साध्या कुंथण्याने १७ टक्क्यांची. पाय उचलणारं माणूस हाताशी असलं की पुरतं.

अमिओडॅरोन (लय ताळ्यावर आणणारं औषध) कसं द्यायचं?

५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, पंपावर, शक्यतो सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून). हातातली शीर लवकर लाल होऊन दुखू लागते, तेव्हा दर तासाला जागा बघा. बीपी आणि ठोके दोन्ही खाली येऊ शकतात. गोळ्या घरी चालू राहणार असतील तर थायरॉइड, यकृत आणि फुफ्फुसाच्या तपासण्या ठरलेल्या वेळी कराव्या लागतात, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्या.

ठोके ३६ आणि पेशंटला घेरी येतेय. डॉक्टर येईपर्यंत?

आडवं करा, शीर उघडी ठेवा, ईसीजी काढा, अॅट्रोपिन (ठोके वाढवणारं इंजेक्शन) १ मिलिग्रॅम भरून ठेवा. ऑर्डरप्रमाणे ते दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत देतात. पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये (वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोचतच नाही तेव्हा) त्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून बाहेरून पेसिंग (विजेच्या झटक्यांनी ठोके चालवणं) करायचे पॅड लावूनच ठेवा. पेसिंग सुरू झालं की मांडीच्या सांध्यात नाडी बघा. मानेत बघितलीत तर स्नायूंच्या उचक्या नाडी समजाल. पेसिंग फार दुखतं, तेव्हा वेदनाशामकाची ऑर्डर मागून घ्या.

शॉक देताना सिंक बटण कधी दाबायचं?

सिंकवर शॉक क्यूआरएसशी जुळवून सुटतो. ते बटण पेशंटला नाडी असेल तेव्हा दाबायचं. यंत्र क्यूआरएसवर खूण करतंय का बघा, आणि दुसऱ्या शॉकच्या आधी बटण पुन्हा दाबा, कारण बहुतेक यंत्रं स्वतःच सिंकमधून बाहेर येतात. नाडी नसेल तर सिंक नको, सिंकवर ठेवलं तर फिब्रिलेशनमध्ये यंत्र शॉकच सोडत नाही. ऑक्सिजनचा मास्क काढून दूर ठेवा, छातीवरचा औषधाचा पॅच काढा, छाती कोरडी करा, "सगळे बाजूला" असं मोठ्याने म्हणा आणि डोळ्यांनी खात्री करा. शॉकनंतर नाडी शोधत बसू नका. लगेच दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दोन मिनिटं.

नर्सने स्वतः शॉक द्यावा का?

प्रशिक्षण झालेलं असेल आणि रुग्णालयाची लेखी परवानगी असेल तर द्यावाच. सीपीआर न मिळालेल्या फिब्रिलेशनमध्ये प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते, आणि पहिल्या मिनिटाला कॉटपाशी नर्सच असते. हे फार आधी ओळखलं गेलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी नर्सना लय ओळखायला आणि गरज पडल्यास शॉक द्यायला शिकवलं. आजचं सीसीयू त्या विश्वासावर उभं आहे. तुमच्याकडे लेखी परवानगी नसेल तर मेट्रनमार्फत मागा. रात्री दोन वाजता ती मागता येत नाही.

क्यूटी अंतर वाढलंय, म्हणजे मी काय करू?

क्यूटी म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लहरीच्या शेवटापर्यंतचं अंतर. औषधांचा चार्ट उघडा. अझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, उलटीवरचं ऑन्डॅनसेट्रॉन, हॅलोपेरिडॉल, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही सगळी क्यूटी लांबवतात, आणि एकाच पेशंटला यातली दोन-तीन सहज चालू असतात. ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेलं क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं तर लगेच कळवा. पिळवटल्यासारखी रेघ दिसू लागली तर मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम तयार ठेवा, नाडी नसेल तर शॉक.

ग्रामीण रुग्णालयात विंचूदंश आणि विषबाधेचे पेशंट येतात. त्यांच्या हृदयाचं काय बघायचं?

हा प्रश्न आपल्या भागाचा आहे आणि नर्सिंगच्या पुस्तकांत याला फार थोडी जागा मिळते.

कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे हातपाय, धावणारी नाडी, आणि मग काही तासांत फुफ्फुसात पाणी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिनचा (रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीचा) उपचार रूढ केला आणि असंख्य मुलं वाचली. प्राझोसिन दिल्यावर पेशंटला उठून बसू देऊ नका, उचलून कडेवर घेऊ देऊ नका, बीपी एकदम पडतं. सुरुवातीचे तास दर अर्ध्या तासाने नाडी, बीपी, श्वास आणि हातांची ऊब तपासा. हात गरम होणं हे सुधारणेचं पहिलं चिन्ह. वेदना कमी झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. दुखणं थोडं आणि घाम फार, असा पेशंट जास्त धोक्यात असतो.

पिवळ्या कण्हेरीच्या म्हणजे बिट्टीच्या बिया खाऊन आलेल्या पेशंटमध्ये डिगॉक्सिनसारखंच विष असतं. ठोके मंदावतात, ब्लॉक येतात, पोटॅशियम वाढतं. पहिला ईसीजी चांगला आला तरी किमान २४ तास मॉनिटरवर ठेवा. धान्यात घालायच्या सेल्फॉसच्या गोळीवर उतारा नाही. तिथे बीपी आणि लय दोन्ही झपाट्याने ढासळतात, म्हणून वरच्या रुग्णालयात हलवायची तयारी पहिल्या मिनिटापासून करा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. हे पेशंट शुद्धीवर आल्यावर त्यांना एकटं सोडू नका आणि "असं का केलंस" म्हणून टोचू नका. मानसोपचाराचा सल्ला मिळाल्याशिवाय डिस्चार्ज अपुरा आहे.

पेसमेकर बसवलाय. आईला घरी काय करता येईल? *(नातेवाईक)*

त्या बाजूचा हात साधारण चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे वेणी घालणं, वाळत घालणं, फळीवरचा डबा काढणं दुसऱ्याने करायचं. पण हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. जखम लाल झाली, सुजली, पाणी आलं तर घरी मलम न लावता दाखवा. मोबाइल दुसऱ्या बाजूच्या कानाला, ब्लाउजमध्ये ठेवायचा नाही. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर. मिक्सर, टीव्ही, गॅसचा लायटर चालतो. पेसमेकरचं कार्ड कायम जवळ हवं, आणि एमआरआय किंवा कुठल्याही ऑपरेशनआधी ते दाखवायचं.

एक गोष्ट विचारायला जड जाते, म्हणून आम्हीच सांगतो. पेसमेकर असलेल्या व्यक्तीच्या निधनानंतर दहनाआधी तो काढावा लागतो, उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. रुग्णालयात कल्पना दिली की काढून देतात.

उपवास, चहा, तंबाखू? *(पेशंट)*

लघवीची किंवा डिगॉक्सिनची गोळी चालू असेल तर निर्जळी उपवास नको. एकादशी करायचीच असेल तर गोळ्या आणि पाणी चुकवू नका, आणि आधी विचारा. दिवसातून एक-दोन कप चहा बहुतेकांना चालतो. दारू आणि तंबाखू, मिश्रीसकट, बंद. किडनीचा त्रास असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असेल तर रोज शहाळं पिऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

घरी धडधड सुरू झाली तर कधी दवाखान्यात यायचं? *(नातेवाईक)*

बसवा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून घड्याळ लावून पूर्ण मिनिट नाडी मोजा आणि कागदावर वेळेसकट लिहा. थोड्या विश्रांतीने थांबली आणि दुसरा त्रास नसेल तर तो कागद घेऊन त्या आठवड्यात दाखवा. धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल किंवा माणूस पडला असेल तर १०८ला फोन करा, स्कूटरवर मध्ये बसवून आणू नका. छातीत बसवलेल्या, शॉक देणाऱ्या यंत्राने एकदा शॉक दिला आणि नंतर बरं वाटत असेल तर त्याच दिवशी फोन करून कळवा. दिवसभरात दोन शॉक बसले तर लगेच या. माणूस हाक मारूनही हलत नसेल आणि श्वास घेत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, १०८वरची व्यक्ती फोनवर सांगत राहील. येताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा.